पुडीतली जेली

पावसाळ्यात लोक आंबोलीला धबधबा बघतात, कणसं खातात आणि घरी जातात. आमची मैत्रीण पडली बुरशीवाली, म्हणजे बुरश्यांचा अभ्यास करणारी, त्यामुळे परवानगीचे कागद खिशात घालून आमचा मुक्काम कुजक्या ओंडक्यांपाशी, पायाला जळवा, चष्म्यावर धुकं. तिला हवी असते जेली फंगस, म्हणजे ती लिबलिबीत बुरशी: तपकिरी ऑरिक्युलेरिया, पिवळीधम्मक डॅक्रिओपिनॅक्स, पांढरीशुभ्र झालरीझालरींची ट्रेमेला.

ओंडक्यावर असेपर्यंत काय देखणी दिसते! पण हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेवायची म्हणजे वाळवायची, आणि चाळीसेक डिग्रीच्या ड्रायरमध्ये रात्रभर ठेवली की सकाळी उरतो वाळलेल्या डिंकासारखा खडा, झालर गायब, रंग गायब. म्हणून जे काय बघायचं ते आधीच बघून लिहायचं, पट्टी ठेवून फोटो, रंग, लाकूड कुठल्या झाडाचं (कुजून लगदा झालेल्या लाकडाचं झाड ओळखणं ही वेगळीच डोकेदुखी), साल शिल्लक आहे का, जीपीएस, तारीख, नंबर. हे टिपायची ड्युटी माझी, पेन्सिलीने, कारण आंबोलीच्या पावसात शाई टिकत नाही. प्लास्टिकची पिशवी बाद, आत घाम धरून माल सडतो. कागदाची पुडी बेस्ट.

आणि नुसती बुरशी खुडायची नाही, खालच्या लाकडासकट कापायची. ट्रेमेला लाकूड खातच नाही ना, ती लाकडावरच्या दुसऱ्या बुरशीवर जगते! १९३९ मध्ये कोबायासी नावाच्या जपानी अभ्यासकाने एक नवीन बुरशी जाहीर केली, दिसायला पांढऱ्या ट्रेमेलासारखीच पण अंगावर काळपट केस, नाव दिलं नाकाइओमायसिस. नंतर कळलं की ती ट्रेमेलाच, केस होते त्या दुसऱ्या बुरशीचे. एवढ्या जाणत्या माणसाचं असं होतं तर आपण खालचा तुकडा सोडून कसं चालेल? ही पांढरी ट्रेमेला चीनमध्ये गोड सुपात घालतात, पण तिचं शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये बर्कली नावाच्या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने केलं ते ब्राझीलहून आलेल्या नमुन्यांवरून, जे रिचर्ड स्प्रूस या भटक्या वनस्पतीशास्त्रज्ञाने गोळा केले होते. त्या दमट जंगलात त्याने ते कसे वाळवले असतील देव जाणे, आम्हाला होमस्टेची लाइट गेली तरी धडकी भरते.

बाकी पुडीतला खडा अगदीच मेलेला नसतो हं. पाण्यात टाकला की फुगून बराचसा पूर्वीसारखा होतो, पण अख्खा नमुना कोणी भिजवत नाही, कणभर तुकडा घेऊन पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. ट्रेमेलाच्या बीजाणू धरणाऱ्या पेशीला उभे पडदे, ऑरिक्युलेरियाच्या पेशीला आडवे, डॅक्रिओपिनॅक्सची चक्क दोन फाट्यांची. बाहेरून कितीही साम्य असलं तरी इथे सोक्षमोक्ष लागतो.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचं बुरश्यांचं हर्बेरियम आहे, तिथल्या पुड्यांबद्दल आमची ही बुरशीवाली बाई देवळाबद्दल बोलावं तसं बोलते. आणि सुपरमार्केटात वाळलेल्या ऑरिक्युलेरियाचं पाकीट दिसलं की उलटंपालटं करून वैतागते, किंमत आहे, एक्स्पायरी आहे, कुठल्या लाकडावरची ते लिहायला काय झालं होतं?