तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर आहे ना, मग आकडा का देत नाही?

‘गोठ्यात मीटर धरा, अमोनिया किती ते सांगा आणि विषय संपवा.’ विचारणारे बदलतात, वाक्य हेच. मी टाळाटाळ करतो असा समज आहे, म्हणून एकदाच सविस्तर.

मीटर सांगतं ते गोठ्यातल्या हवेत अमोनिया किती आहे ते. तुम्हाला हवं असतं बाहेर किती गेला ते. या दोहोंमध्ये उभी असते गोठ्यातून वाहून जाणारी हवा, आणि तिची मीटरला गंधवार्ताही नसते. ६०० किलोची, दिवसाला २५ किलो दूध देणारी गाय घ्या. तिची उष्णता साधारण १,२५० वॅट, आणि तेवढ्या उष्णतेमागे ती तासाला पाव घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेत जितका पातळ झालेला दिसतो, तितकी जास्त हवा वाहते आहे. बाहेर तो ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आणि आत ८०० असेल, तर दर गायीमागे तासाला साडेसहाशे घनमीटर हवा बदलते आहे. त्या दिवशी आतला अमोनिया बाहेरच्यापेक्षा २ पीपीएम जास्त भरला, तर हिशेब येतो दिवसाला गायीमागे सुमारे २२ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आतला कार्बन डायऑक्साइड ५०० वर आला आणि अमोनियाचा फरक राहिला ०.४२ पीपीएम. उत्तर पुन्हा २२ ग्रॅमच! मीटर धरून फिरणारा मात्र ‘आज गोठा स्वच्छ आहे’ असं सांगून जातो.

मग कार्बन डायऑक्साइडवरूनच काढा की, असं लगेच येतं. काढतोच. पण वाऱ्याच्या दिवशी आतबाहेरचा फरक ८० पीपीएम असतो आणि साध्या सेन्सरची चूक ५० पीपीएमपर्यंत जाऊ शकते. आत एक आणि बाहेर एक असे दोन सेन्सर लावले, तर दोघांचं आपसातलं भांडणच तुम्ही मोजत बसता. म्हणून एकच यंत्र, झडप फिरवून आलटून पालटून आतली आणि बाहेरची हवा. जनावरांखाली पेंढ्या-भुशाची जाड गादी असलेला गोठा असेल तर ती गादी कुजताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि सगळा खर्च गायीच्या नावावर पडतो. शिवाय मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) वासातलं अल्कोहोल काही इन्फ्रारेड यंत्रांना चक्क अमोनिया वाटतं. हे सगळं सावरता येतं. मला खरं सतावतं ते वेगळंच.

पहाटेचा फुगवटा. आलेखावर रात्रभर अमोनिया खाली, सपाट. साडेसहाच्या सुमारास चढायला लागतो आणि दोनेक तासांत उतरतो. याचं कारण मीच मोठ्या थाटात लिहून ठेवलं होतं: जनावरं उठतात, उठल्या उठल्या मुततात, मुतातल्या युरियाला शेणातलं एन्झाइम भेटतं आणि अमोनिया सुटतो. वाचायला इतकं सरळ की कुणी शंका घेतली नाही. मीही नाही.

शंका आली ती ढगाळ दिवसांमुळे. ढगाळ सकाळी फुगवटा नसायचा. जनावरं तर तेव्हाही उठतातच. मग नळीकडे लक्ष गेलं. गोठ्यातली हवा टेफ्लॉनच्या ६ मिलिमीटरच्या नळीतून यंत्रापर्यंत येते आणि त्या नळीचा काही भाग उघड्यावर असतो. आतली हवा उबदार, ओलसर; नळी रात्री गार. आतून थेंब धरतात आणि अमोनिया त्या थेंबांत विरघळून बसतो. सकाळी ऊन नळीवर पडतं, थेंब सुकतात, रात्रीचा साठा एकदम यंत्रात येतो. त्याच नळीतल्या मिथेनला याचा पत्ताही नसतो, कारण तो पाण्यात फारसा विरघळतच नाही.

खात्री करायची तर ठाऊक प्रमाणाचा वायू यंत्राच्या तोंडाशी सोडून उपयोग नाही. तो नळीच्या गोठ्यातल्या टोकाकडून सोडायचा आणि आकडा वर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. त्या टोकाशेजारीच सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या दोन बाटल्या एकामागे एक लावायच्या (आम्ल हवेतला अमोनिया धरून ठेवतं), मिनिटाला एक लिटर हवा ओढायची आणि दर दोन तासांनी बाटल्या बदलायच्या. दुसऱ्या बाटलीत काही ठळक सापडलं तर पहिली पुरत नाही असं समजायचं. बाटल्यांना लांब नळी नाही, म्हणून त्या साक्षीदार म्हणून बऱ्या.

उपाय म्हणजे नळीला सगळ्या लांबीत तापवणारी तार, वरून आवरण, आणि तापमान गोठ्यातल्या हवेच्या दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला थेंब धरू लागतात त्याच्या, वर. धुळीचा फिल्टरही त्या उबेतच. यंत्र वाचवायला वाटेत पाणी अडवणारी बाटली बसवू नका. बरेच जण बसवतात आणि अमोनिया त्या बाटलीतच गोळा करतात.

‘पण दिवसाची बेरीज तर तीच ना? रात्री अडकलं ते सकाळी सुटलं.’ हा युक्तिवाद मीही स्वतःशी करून पाहिला. रात्री हवा मंद असते, सकाळी दारं उघडतात, वारा वाढतो. रात्रीचा अमोनिया सकाळच्या मोठ्या हवेने गुणला जातो, म्हणून बेरीज फुगते. किती, ते त्या त्या रात्रीच्या थेंबांवर, आणि ते कुणी मोजून ठेवलेले नाहीत.

नळी तापवल्यावर फुगवटा गेला का? खाली आला. गेला नाही. म्हणजे उठून मुतणारी जनावरं माझ्या जुन्या लेखातून पूर्ण हद्दपार करता येत नाहीत, आणि ठेवली तर किती ठेवायची ते सांगता येत नाही. त्यात गोठ्यातून सुटणारा अमोनियाही हंगामाबरोबर बदलतो, म्हणूनच वर्षभर विखुरलेले निदान सहा पूर्ण दिवस मोजायचा आग्रह असतो. एका दुपारी हातात मीटर घेऊन तुम्हाला जो आकडा हवा आहे, तो मी देईन. पण त्याच्याशेजारी तारीख, वारा, आतबाहेरचा कार्बन डायऑक्साइड आणि नळी तापवलेली होती की नव्हती हेही लिहीन. तो भाग तुम्ही छापताना गाळता, आणि पुढच्या वेळी विचारता की मागचा आकडा वेगळा का होता.