‘पी’चा ‘एस’ होईपर्यंत

आमच्या घरामागची झाडं एका दिवसात गेली. सकाळी मुलाला शाळेच्या बसवर सोडून आले तेव्हा करवतींचा आवाज येत होता. संध्याकाळी कुकर लावताना खिडकीतून बघते तर थेट पलीकडचा रस्ता दिसतोय! फार देखणं जंगल नव्हतं ते. ओकची उंच झाडं आणि खाली माजलेली काटेरी झुडपं. त्यातून हरणं येऊन माझी भेंडीची रोपं खाऊन जायची म्हणून मी त्यांना शिव्याही घातल्या आहेत. पण तो पडदा होता, आणि तो एका दिवसात बाजूला ओढला गेला.

मी व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत, ॲशबर्नला राहते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण इथे कलेक्टर नाही, लोकांनी निवडून दिलेलं नऊ जणांचं बोर्ड आहे. आठ सुपरवायझर आठ विभागांतून येतात आणि अध्यक्ष सगळ्या काउंटीतून. १९९० साली इथे ८६ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत ४ लाख २१ हजार भरले. आम्हीही त्याच लोंढ्यातले. ब्रॅम्बलटन-ॲशबर्नकडे गणपतीच्या आधी इंडियन ग्रोसरीत उकडीच्या मोदकाचं पीठ संपतं, यावरून काय ते ओळखा.

माणसांच्या जोडीला इथे डेटा सेंटर वाढली, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवायच्या इमारती. डलस विमानतळाच्या आसपास १९९० च्या दशकात इंटरनेटच्या केबल एकवटल्या आणि मग एकाला लागून एक बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आज सुमारे २०० आहेत. माझी नोकरी क्लाउडमधली, म्हणजे माझा पगार त्याच इमारतींतून फिरून येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मलाही ते सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी काउंटीच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या बाईंनी नकाशा उघडला आणि अगदी शांतपणे सांगितलं की ही जमीन इंडस्ट्रियल पार्क झोनमध्ये येते, तिथे डेटा सेंटर ‘बाय-राइट’ आहे.

“मग सुनावणी कधी?” मी विचारलं.

“सुनावणी नसते.”

बाय-राइट म्हणजे हक्काने. उंची, हद्दीपासूनचं अंतर, पाण्याचा निचरा असं सगळं नियमात बसलं की कर्मचारी नकाशे तपासून मंजुरी देतात. निवडून आलेल्या एकाही माणसाला त्यासाठी हात वर करावा लागत नाही आणि शेजाऱ्याला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. बाईंची चूक काहीच नव्हती. उलट जाता जाता त्यांनीच सांगितलं की हा नियमच बदलायचा प्रस्ताव बोर्डापुढे आहे, तुमचं म्हणणं तिथे मांडा.

त्या रात्री मी प्रस्तावाची कागदपत्रं उघडली. शेकडो पानं होती. काढायच्या मजकुरावर आडवी रेघ, घालायच्या मजकुराखाली रेघ. झोनिंगच्या नियमावलीत एक लांबलचक तक्ता असतो. डावीकडे जमिनीचे उपयोग, म्हणजे पाळणाघर, दवाखाना, गोदाम, डेटा सेंटर वगैरे, आणि वर झोनची नावं. प्रत्येक चौकटीत एकेक अक्षर. ‘पी’ असेल तर परवानगी आहेच. ‘एस’ असेल तर ‘स्पेशल एक्सेप्शन’, म्हणजे प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे आधी प्लॅनिंग कमिशनपुढे आणि मग बोर्डापुढे, दोन्हीकडे जाहीर सुनावणी, आणि मंजुरी दिलीच तर अटी घालून. डेटा सेंटरच्या ओळीत ‘पी’वर रेघ मारून शेजारी ‘एस’ लिहिला होता. शेकडो पानांतला आमच्या उपयोगाचा भाग एवढाच.

शिवाय बदलायचे दस्तऐवज दोन होते. एक २०१९ चा सर्वंकष आराखडा, जो काउंटीने कुठे कसं वाढावं याची दिशा सांगतो. दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने लिहिलेली झोनिंगची नियमावली, जी कायदा आहे. दिशा एकीकडे आणि कायदा दुसरीकडे असं होऊ नये म्हणून दोन्हींत एकदम बदल. हे कळायला मला दोन रात्री लागल्या. नवरा म्हणाला, घराचं कर्ज घेताना तू एवढं वाचलं नव्हतंस.

रविवारी बाबांना फोन लावला. बाबा निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी असतात. बऱ्याच वर्षांपूर्वी गावाच्या विकास आराखड्यात आमच्या रानातून डीपी रस्ता दाखवला होता, नेमका विहिरीवरून. बाबांनी हरकत घेतली, सुनावणीला मोजणीचा नकाशा घेऊन गेले, आणि अंतिम आराखड्यात रस्ता सरकला. विहीर अजून आहे. त्यामुळे हरकत-सूचना या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा.

मी त्यांना माझ्या भाषणाचा मसुदा वाचून दाखवला. हरणं, मुलाचा दमा, डिझेल जनरेटर, आम्ही इथे घर का घेतलं, सगळं होतं त्यात. चक्क दोन पानं.

“हे हळदीकुंकवाला सांग,” बाबा म्हणाले. “तिथे गट नंबर सांग. नकाशावर बोट ठेव. काय बदलून पाहिजे ते एका वाक्यात माग. आणि पोच घे.”

“इथे गट नंबर नसतो हो बाबा.”

“काहीतरी नंबर असेलच की. नंबराशिवाय जमीन असते का कुठे?”

होता. इथे त्याला पार्सल नंबर म्हणतात, आणि घरामागच्या त्या जागेचा नंबर काउंटीच्या नकाशात दोन क्लिकवर सापडला.

आधी मी नुसतं ऐकायला गेले, प्लॅनिंग कमिशनच्या बैठकीला. बोर्डाने नेमलेले नऊ सदस्य प्रस्ताव चाळून शिफारस करतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो. काउंटीचं मुख्यालय असलेल्या लीसबर्गच्या सरकारी इमारतीत मागच्या रांगेत बसले. माझ्यासारखे शेजारी बोलले, कंपन्यांचे वकील बोलले, आणि मग एक वयस्कर गृहस्थ उठले. हातात कागद नव्हता. म्हणाले, ही जमीन मी आयुष्यभर सांभाळली, तिची किंमत त्या एका अक्षरावर आहे, माझं म्हातारपण त्यावर आहे, आणि तुम्ही मध्येच नियम बदलताय. सभागृहात टाळ्या वाजवायची परवानगी नसते, पण पुढच्या रांगांमध्ये माना हलल्या. वकिलांनी अर्धा तास घालवून जे सांगितलं त्यापेक्षा हे जड होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, ते माझी बाजू घेतील.

“त्याचं बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

बाबांचं रान अजून हिरव्या पट्ट्यात आहे. हद्दवाढ होऊन ते पिवळ्यात, म्हणजे रहिवासी झोनमध्ये येईल याची ते कितीतरी वर्षं वाट बघतायत. उद्या ते पिवळं झालं आणि शेजारच्या सोसायटीने जाऊन सांगितलं की आमच्या खिडकीतून ऊस दिसतो, तो तसाच राहू द्या, तर? हा विचार माझ्या डोक्यात आला आणि गेलाच नाही. खरं सांगायचं तर अजूनही गेलेला नाही.

आणि पैशाची बाजू होतीच. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर काउंटी कर घेते आणि तो इतका मोठा आहे की घरांवरचा कर खाली ठेवता येतो. २०२५ साली आमचा दर घराच्या १०० डॉलर किमतीमागे ८०.५ सेंट झाला. शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत तोच एक डॉलरच्या वर आहे. शाळा, ग्रंथालयं, मुलाचं पोहण्याचं केंद्र, सगळ्यात तो पैसा आहे. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी सरळ लिहिलं, “आवाज नको म्हणता, मग टॅक्स वाढलेला चालेल का?” त्यावर दोन दिवस ग्रुप शांत होता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दिवाळी पॉटलकची यादी टाकली.

बोर्डापुढच्या सुनावणीसाठी नाव आधी नोंदवलं. मी इथली नागरिक नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं झाली की आता मोजत नाही. मतदानाच्या दिवशी मी नवऱ्यासारखीच घरी बसते. पण जाहीर सुनावणीत कुणी पासपोर्ट विचारत नाही, इथे राहता म्हणजे बोलता येतं. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

समोर नऊ खुर्च्या, मध्ये अध्यक्षा फिलिस रँडल. पार्सल नंबरापासून सुरुवात केली आणि आवाज चिरकला. समोरचं घड्याळ उलटं मोजत होतं. मग सांगितलं की मी स्वतः क्लाउडमध्ये काम करते, डेटा सेंटर बंद करा असं म्हणायला आलेले नाही. हसू आलं एक-दोघांना, त्याने माझा घसा मोकळा झाला. शेवटी बाबांच्या सांगण्याप्रमाणे एकच वाक्य: या तक्त्यातल्या ‘पी’चा ‘एस’ करा, म्हणजे पुढच्या वेळी झाडं पडायच्या आधी मला इथे येता येईल. घंटा वाजली तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन पानांची हरणं पर्समध्येच राहिली.

बोर्डावरची चर्चा मी नंतर व्हिडिओवर तुकड्यातुकड्यात पाहिली, पोळ्या लाटताना. डेटा सेंटर हवीत की नकोत यापेक्षा जास्त वेळ गेला तो मधल्या लोकांचं काय करायचं यावर. ज्यांनी जुन्या नियमाच्या भरवशावर जमीन घेतली, नकाशे काढले, अर्ज दाखल केले, त्यांना नव्या नियमात ओढायचं का? कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज जुने धरायचे? मला ते वयस्कर गृहस्थ आठवले.

१८ मार्च २०२५ ला बोर्डाने बदल मंजूर केला. ‘पी’ गेला, ‘एस’ आला. वाटेत असलेल्या काही अर्जांना जुन्याच नियमाने पुढे जाऊ दिलं. घरामागची जागा तर केव्हाच मंजूर झालेली होती, तिथे आता पोलादी सांगाडा आहे. आमच्या पार्सल नंबरासाठी मी काहीही मिळवलं नाही.

शिवाय ‘एस’ झाला म्हणजे आवाज किती, जनरेटर कुठे, घरांपासून अंतर किती हे काही ठरत नाही. ते दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पुन्हा कागदपत्रं, पुन्हा आडव्या रेघा. आणि आता प्रत्येक नवा अर्ज सुनावणीला येणार, म्हणजे मी भांडून काय मिळवलं तर आणखी बैठका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी त्या तारखा लाल पेनाने लिहिते. एकदा संकष्टीच्याच चौकटीत लीसबर्ग आलं.

तुम्ही इथे कुठल्याही काउंटीत असाल तर सुनावणीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, हे मात्र कळकळीने सांगते. दक्षिणेला लागूनच प्रिन्स विल्यम काउंटी आहे. तिथे २०२३ च्या डिसेंबरात मनॅससच्या, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या, रणभूमीशेजारी २,१०० एकरांच्या डेटा सेंटर प्रकल्पावर सुनावणी झाली, ती २७ तास चालली. लोक रात्रभर बसले, बोर्डाने मंजुरी दिली. ती मंजुरी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली, कारण सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात कायद्याप्रमाणे दिली गेली नव्हती. सत्तावीस तासांची भाषणं एका बाजूला आणि वर्तमानपत्रातली छोटी चौकट दुसऱ्या बाजूला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा फोनवर ते इतके खूश झाले की आई विचारायला आली काय झालं. “म्हणून म्हणतो, पोच घे! घेतलीस का तू?” घेतली नव्हती. इथे ईमेल आलं होतं, ते मी त्यांना पाठवून दिलं. त्यांनी त्याची प्रिंट काढून फायलीत लावली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, आमच्या वेळेनुसार पहाटे. गावाचा नवा प्रारूप आराखडा लागला. रान पिवळ्यात आलं, पण त्याच्या अर्ध्या भागावर बागेचं आरक्षण. हरकतीला तीस दिवस, त्यातले चार गेलेले.

“तू लिही,” बाबा म्हणाले, “तुला आता जमतं.”

मी उठून बसले, चष्मा शोधला आणि म्हटलं, “आधी गट नंबर सांगा.”