घोट्याच्या वर

पायघोळ स्कर्ट घालून पुढे पळता येतं, एका हाताने घोळ उचलून धरला की झालं. मागे पळणं मात्र अवघड. टाच नेमकी काठावर पडते आणि माणूस सपशेल पाठीवर. टेनिसमध्ये डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच टोलवलेला चेंडू गेला, की मागेच पळावं लागतं.

1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या बायका टेनिस खेळत त्या असल्याच वेषात. आत पेटीकोट, कमरेला करकचून आवळलेला कॉर्सेट. गवत ओलं असलं की काठ भिजून जड होई. मग बेसलाइनला, कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, उभं राहायचं, चेंडू टप्पा घेऊन जवळ येईपर्यंत वाट पाहायची आणि अदबीने परतवायचा. नेटजवळ जाणार कोण? मागे परतायची सोय नको का!

लॉटी डॉड 1887 मध्ये विम्बल्डनला उतरली तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळकरी मुलीचा स्कर्ट पोटरीवर थांबला तर कोणी नाक मुरडत नसे. पाय मोकळे, म्हणून ती बिनधास्त पुढे जाई आणि टप्पा पडायच्या आत व्हॉली मारी, स्मॅशही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आदल्या वर्षीची विजेती ब्लँच बिंगली थेट शेवटच्या सामन्यालाच आली. लॉटीने तिला 6-2, 6-0 असं उडवलं. एकेरीत इतक्या लहान वयाची विजेती विम्बल्डनला अजून झालेली नाही. मार्टिना हिंगिस 1996 मध्ये तीन दिवसांनी लहान होती, पण ती दुहेरीत.

सर्व्हिस मात्र लॉटी खालूनच करी. इतक्या धीट मुलीने तेवढं जुनं का ठेवलं, याची गंमत वाटते.

1888 मध्ये एक्समथला ती त्या वर्षीचा पुरुषांचा विम्बल्डन विजेता अर्नेस्ट रेन्शॉ याच्याशी खेळली. पुरुष म्हणून त्याने प्रत्येक गेम तिला 30-0 पासून दिला, म्हणजे गेम जिंकायला तिला दोनच गुण हवे. पहिला सेट तिने 6-2 घेतला. पुढचे दोन्ही त्याने 7-5, 7-5 असे कसेबसे काढले.

विम्बल्डन ती पाच वेळा जिंकली. 1893 चं शेवटचं तिसऱ्या सेटपर्यंत गेलं, समोर तीच ब्लँच, आता लग्नानंतरची मिसेस हिलयार्ड. एकविसाव्या वर्षी लॉटीने टेनिस सोडलं. मग इंग्लंडकडून हॉकी, 1904 मध्ये ट्रूनला गोल्फचं ब्रिटिश विजेतेपद, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं रौप्य. गोल्फ आणि तिरंदाजीत निदान मागे तरी पळावं लागत नाही.