सुतळी, फीत आणि नवरी: इटलीतल्या लांब पास्त्यांच्या मागे बोलोन्या ते ग्रान्यानो

इटलीत ट्रेनने वरून खाली येताना भाषा तीच राहते पण ताटातला लांब पास्ता दर दोन-तीन तासांनी बदलतो, आणि त्याचं नाव का पडलं असं विचारलं की वेटरपासून आजीबाईपर्यंत सगळे हातवारे करून समजावतात. मला हा या प्रवासातला सगळ्यात आवडलेला भाग.

सुरुवात बोलोन्यातून. इथला राजा तालियातेल्ले, तालियारे म्हणजे कापणं त्यावरून. जुन्या बाजाराच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेमागे एक बाई लांबलचक लाटण्याने अख्खं टेबल भरेल एवढी पोळी लाटत होत्या, मैदा आणि अंडी एवढंच, साधारण शंभर ग्रॅमला एक अंडं. पोळी जरा सुकू दिली, सैलसर गुंडाळली आणि रुंद सुरीने टकटकटक कापत गेल्या, मग गुंडाळीत बोटं घालून नुसतं झटकलं की पिवळ्या पट्ट्या सुट्ट्या! मी किती वेळ तिथेच उभी होते. पट्टीची रुंदीसुद्धा ठरलेली आहे बरं का, १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तिची रीतसर नोंद झाली, शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टी जपून ठेवलीय. आपल्या जेवणाबद्दल एवढी आस्था असावी, मला तर फार कौतुक वाटलं. इथे रागूसोबत, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मांसाच्या सॉससोबत, हेच खायचं, स्पगेटी नाही.

पुढे तोस्कानात पाप्पार्देल्ले, चांगले दोन बोटं रुंद. पाप्पारे म्हणजे गपागप खाणं, आणि रानडुकराच्या रश्श्यासोबत लोक तसेच खातात. पण माझा जीव जडला तो सिएनाच्या बाजूच्या पिचीवर. पीठ आणि पाणी, बहुतेकदा अंडं नाहीच, आणि एकेक दोरा पाटावर तळहाताने वळायचा, आपल्याकडे हातशेवया वळतात अगदी तसाच, फक्त जाडजूड. शाकाहारी मंडळींनी 'आल्योने' मागावा, टोमॅटो आणि तिथल्या मोठ्या पाकळ्यांच्या लसणाचा सॉस असतो.

रोममध्ये फेत्तुचिने म्हणजे छोट्या फिती, आणि बुकातिनी, बुको म्हणजे भोक, मधून आरपार पोकळ. लाल आमात्रिचाना सॉसमध्ये खाताना शर्टाला नॅपकिन लावाच. स्पगेटी तर सगळ्यांना माहीत, स्पागो म्हणजे सुतळी. जेनोव्हाकडचे लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा, तिकडे यावेळी जाणं झालं नाही. आणि आपल्याकडे शेवयांच्या पाकिटावर वर्मिसेली लिहिलेलं असतं ना, ते मूळचं इटालियन, अर्थ बारीक किडे, पण नेपल्समध्ये वर्मिचेल्ली स्पगेटीपेक्षा जाड असतात.

नेपल्सहून ग्रान्यानो जवळच आहे, सुक्या पास्त्याचं गाव. डोंगर आणि समुद्र यांच्या मधली हवा सुकवणीला एकदम योग्य, पूर्वी इथल्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बांबूंवर पास्ता वाळत घातलेला असायचा, जुने फोटो बघितले की रस्ता दिसतच नाही. अजूनही पीठ ब्राँझच्या साच्यातून काढतात त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि सॉस धरून ठेवतो, बोट फिरवलं की फरक लगेच कळतो.

इथल्या दुकानात माफाल्दिने घेतले, झालरीच्या काठांची लांब पट्टी. नाव राजकन्या माफाल्दाचं, १९०२ साली जन्मलेली, राजा व्हित्तोरिओ एमान्युएले तिसरा याची मुलगी. पुढे नाझींनी तिला बूखनवाल्डच्या छळछावणीत टाकलं आणि १९४४ मध्ये ती तिथेच गेली. हे माहीत झाल्यापासून ते पाकीट मला नुसतं सुंदर डिझाइन वाटत नाही.

आणि शेवटचे झीती, लांब पोकळ नळ्या. दक्षिणेकडे झीता म्हणजे नवरी, लग्नाच्या जेवणात हे करायची पद्धत होती म्हणून हे नाव. शिजवण्याआधी ते हाताने तोडायचे असतात, तुकडे लहानमोठे झाले तरी चालतं, चुरासुद्धा टाकून देत नाहीत, तोही पातेल्यात जातो. सोबत जेनोवेझे सॉस, नाव जेनोव्हाचं पण पदार्थ पक्का नेपल्सचा, भरपूर कांदा आणि मांस तासन् तास मंद आचेवर, कांदा पूर्ण विरघळेपर्यंत. नेपल्सला गेलात तर पिझ्झाच्या रांगेतून एक वेळ वाचवा आणि हे खा.