क्रॅश एकदा पकडला आणि फाइलीत जपून ठेवला

आमच्या सी++ सर्व्हरचा एक क्रॅश रात्रीच्या टेस्टमध्ये अधूनमधून यायचा आणि सकाळी हातानं चालवून पाहिलं की गायब. कोअर डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची फाइल, मिळायचा, पण तो शेवटच्या क्षणाचा फोटो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल) बिघडलेला दिसतो, तो कुणी आणि कधी बिघडवला ते त्यात नसतं. लॉग वाढवले तर थ्रेडांची (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांची) वेळ इकडची तिकडे होऊन क्रॅशच यायचा थांबे. तेव्हा ठरवलं, प्रोग्रामची अख्खी धावच रेकॉर्ड करून ठेवायची आणि मागाहून निवांत उलगडायची.

जीडीबी हा डीबगर हाताशी होता. 2010 च्या 7.1 आवृत्तीपासून त्यात ही सगळी सोय आहे: 'रेकॉर्ड' सुरू करायचं, 'रेकॉर्ड सेव्ह'नं फाइल करायची, पुढे त्याच बायनरीवर 'रेकॉर्ड रिस्टोअर'. लहान प्रोग्रामवर हे झकास चालतं. पण ते एकेक इन्स्ट्रक्शन नोंदवत जातं, त्यामुळे वेग पार बसतो. मूळ मर्यादा 200000 इन्स्ट्रक्शनची, म्हणजे आमच्या सर्व्हरला काहीच नाही. वर आमच्याकडच्या आवृत्तीला एव्हीएक्स (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या) इन्स्ट्रक्शन झेपेनात.

मग आरआर (rr) हे धाव रेकॉर्ड करून पुन्हा चालवणारं साधन घेतलं. मोझिलात फायरफॉक्सच्या असल्याच हट्टी बगांसाठी ते तयार झालं. त्याची युक्ती मला फार आवडते. ते प्रत्येक पाऊल लिहीत बसत नाही. प्रोग्राममध्ये बाहेरून जे येतं तेवढंच टिपतं: सिस्टिम कॉलची (कर्नलकडे केलेल्या मागण्यांची) उत्तरं, सिग्नल, कुठल्या क्षणी कुठला थ्रेड पुढे आला. सगळे थ्रेड एकाच कोअरवर आळीपाळीनं चालतात आणि थ्रेड बदलण्याचा क्षण प्रोसेसरमधल्या घटना मोजणाऱ्या काउंटरवरून मोजला जातो. रीप्लेत तीच उत्तरं त्याच जागी पुन्हा मिळतात, म्हणून धावही हुबेहूब तीच.

काउंटर लागतात म्हणूनच आमच्या व्हर्च्युअल मशीनवर ते चालेना. एक प्रत्यक्ष मशीन मागून घेतलं आणि अ‍ॅडमिनकडून कर्नलचं 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' हे काउंटरची परवानगी ठरवणारं सेटिंग 1 वर आणून घेतलं. रीप्ले माझ्या लॅपटॉपवर करायचा होता आणि त्याच्या प्रोसेसरला एव्हीएक्स-512 नाही. म्हणून आधी लॅपटॉपवर 'आरआर सीपीयूफीचर्स' चालवलं. रेकॉर्ड करताना कोणते पर्याय द्यायचे ते ही कमांड छापून देते. त्यात 'केऑस'ची भर घातली, म्हणजे थ्रेडांचे क्रम मुद्दाम उलटेपालटे होतात. लूप रात्रभर लावला, नीट संपलेल्या धावा पुसत. सकाळी क्रॅशची डिरेक्टरी हजर होती.

तिला हात लावण्याआधी 'आरआर पॅक'. हे अजिबात टाळू नका. ट्रेस, म्हणजे हे रेकॉर्डिंग, बायनरी आणि लायब्ररींच्या मूळ फायलींवर विसंबून असू शकतो. पॅक केल्यावर त्या सगळ्या आत येतात आणि डिरेक्टरी कुठेही नेता येते. सोबत कमिटचा, म्हणजे कोडच्या नेमक्या आवृत्तीचा, नंबर लिहून ठेवला, कारण सोर्स कोड त्यात येत नाही. आणखी एक: प्रोग्रामनं वाचलेला पासवर्ड, टोकन, ग्राहकांचा डेटा, सगळं ट्रेसमध्ये असतं. आम्ही टेस्ट डेटावरच रेकॉर्ड केलं, तरी फोल्डरची परवानगी मोजक्यांनाच दिली.

लॅपटॉपवर 'आरआर रीप्ले', मग 'कंटिन्यू', आणि सेगफॉल्टवर, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लागून झालेल्या क्रॅशवर, थांबलं. बिघडलेल्या फील्डच्या जागेवर 'वॉच -एल'नं पहारा लावला आणि 'रिव्हर्स-कंटिन्यू'नं उलट्या दिशेनं चालवलं. थांबलं ते भलत्याच एका स्ट्रिंगच्या कोडमध्ये; ती जागा तोवर तिला मिळालेली होती. म्हणजे आधी ती कुणीतरी सोडली असणार. मेमरी सोडणाऱ्या 'फ्री'वर ब्रेकपॉइंट (थांबा) टाकून आणखी मागे गेलो. नेमका तोच पत्ता सोडला जात होता तिथला स्टॅक वाचला: दुसऱ्या थ्रेडचं 'पुश_बॅक', म्हणजे व्हेक्टर या वाढत्या यादीत नवा घटक घालणं. व्हेक्टरला जागा पुरेना, तो नव्या जागी हलला, आणि पहिला थ्रेड जुनाच पॉइंटर धरून बसलेला.

पत्ते दर रीप्लेला तेच राहतात, त्यामुळे वहीत टिपलेला पत्ता दुसऱ्या दिवशीही चालतो. 'व्हेन'नं इव्हेंटचा नंबर घेतला आणि पॅक केलेल्या डिरेक्टरीसोबत सहकाऱ्याला दिला. तो 'रीप्ले -जी'नं थेट तिथेच उतरला आणि त्यानंही तेच पाहिलं.

दुरुस्ती मात्र या ट्रेसवर तपासता येत नाही, त्यात जुनी बायनरी असते. व्हेक्टरभोवती लॉक घातल्यावर नव्या बिल्डवर केऑसचा लूप पुन्हा रात्रभर लावला. सकाळी तो चालूच होता.