सैतानाचे पाय

भुताची ओळख पायांवरून पटते, असं आपल्याकडे म्हणतात. मेफिस्टोफेलिसच्या जुन्या फ्रेंच ब्राँझ मूर्तीलाही तेच लागू आहे. जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकातला हा सैतान. 1859 साली पॅरिसमध्ये त्याच कथेवरचा, संगीतकार गूनोचा ऑपेरा रंगमंचावर आला आणि या सैतानाचं वेड आणखी वाढलं. टोकदार दाढी, टोपीत पीस, कमरेला तलवार. जाक लुई गोत्ये या शिल्पकाराचा मेफिस्टो आजही लिलावात दिसतो. (हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातला, आरशात पाठीमागची मार्गारेटा, म्हणजे फाउस्टची प्रेयसी, दाखवणारा मेफिस्टो लाकडी आहे, त्याची गोष्ट वेगळी.)

अशी मूर्ती समोर आली की तिच्या तिरकस हसण्याला भुलू नये, आधी आडवी करून बूड पाहावं. आतल्या कडेला सुईने बारीकसा ओरखडा काढावा. पिवळसर-तांबूस चमक आली तर ब्राँझ. राखाडी-पांढरी आली तर जस्ताचा मिश्रधातू. जस्त 420 अंशांना वितळतं, ब्राँझला हजाराच्या आसपास तापवावं लागतं, म्हणून जस्ताच्या मूर्ती स्वस्तात निघत. रंग मात्र हुबेहूब ब्राँझचा चढवत. त्यांचा मोडलेला हात नीट सांधणं महाकठीण. लोहचुंबक इथे निरुपयोगी. तो दोघांनाही चिकटत नाही.

पॅरिसचं ओतकाम बहुतेक वाळूच्या साच्यातलं. धड, हात, झगा वेगवेगळे ओतायचे, खुंट्यांनी सांधायचे, मग छिन्नीवाल्याने सांधा दिसेनासा करायचा. त्याची खरी कसोटी दाढीच्या केसांत आणि बोटांच्या पेरांत. तयार मूर्तीवरूनच साचा काढून ओतलेली नक्कल तिथे बोथट दिसते आणि मापालाही भरत नाही. धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो. म्हणजे 50 सेंटिमीटरला जवळपास एक सेंटिमीटर कमी.

आता धोक्याची गोष्ट: पितांबरी. देवघरातली समई लखलखीत झाली की त्याच हाताने सैतानालाही घासण्याचा मोह होतो. पण ही तपकिरी-काळपट झाक म्हणजे मळ नव्हे. तापवलेल्या धातूवर रसायनांचे हात देऊन ती मुद्दाम आणलेली असते. चिंच किंवा लिंबाने ती मिनिटांत उतरते, आणि तिच्याबरोबर किंमतही. मऊ ब्रशने धूळ झटकावी, वर्षाकाठी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून केलेलं मेण) पातळ हात द्यावा, सुती कापडाने पुसावं. बस्स. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो क्षारांचा आणि दमट हवेचा प्रताप, मुंबई-गोव्याकडे विशेष. तिथे पाणी लावू नये, मूर्ती कोरड्या जागी हलवून संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या जाणकाराला, दाखवावी.

उचलताना तलवारीला किंवा पिसाला धरू नये. ते सुटे भाग सर्वांत आधी निखळतात. आणि मूर्ती संगमरवरी बैठकीवर गरगर फिरत असेल तर खालचा नट सैल झालेला असतो. पाना लावून ताकदीने आवळला की संगमरवर तडकतो. मध्ये चामड्याची चकती घालावी आणि नट हातानेच बसवावा.