कर्म त्याचं, नशीब आपलं

एखाद्या माणसाने आपल्याला वर्षानुवर्षं छळलेलं असतं आणि एके दिवशी कळतं, त्याची नोकरी गेली. किंवा त्याच्या जिवलग मित्राने त्याच्याशी बोलणंच टाकलं. तोंडाने आपण 'अरेरे' म्हणतो, आत मात्र छान गार वाटतं. मग कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, 'कर्म कुणाला चुकलंय?' आणि एरवी कशावरही एकमत न होणारी मंडळी एकदम माना डोलावतात.

तसलंच काही आपल्यावर ओढवलं की हा सिद्धांत कुठे दडी मारतो कोण जाणे. तेव्हा दिवस वाईट असतात, ग्रह फिरलेले असतात, नाहीतर साहेब नालायक असतो. यशाचं बरोबर उलटं. आपली बढती कष्टाची, शेजाऱ्याची नशिबाची. म्हणजे कर्माचा कायदा लागू कुठे, तर दुसऱ्याच्या दुःखाला आणि आपल्या सुखाला. बाकी सगळं नशिबाकडे वर्ग. इतका सोयीचा कायदा कुठल्या विधिमंडळालाही जमला नसता.

गंमत अशी की ज्यांनी हा विचार अगदी सुरुवातीच्या काळात मांडला, त्यांना तो असा चारचौघांत बोलायचाच नव्हता. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेत एकेक विद्वान याज्ञवल्क्य ऋषीला प्रश्न विचारायला उभा राहतो. त्यात जारत्कारव आर्तभाग आहे. तो विचारतो, माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात. मग तो माणूस असतो कुठे? बाकीच्यांना भर सभेत गप्प करणारा याज्ञवल्क्य इथे म्हणतो, 'बाळा, हात दे इकडे. हे आपल्या दोघांतच राहू दे, लोकांत बोलण्याचं नाही.' दोघं बाजूला जातात. त्यांचं सगळं बोलणं उपनिषद सांगत नाही. ते कर्माबद्दल बोलले एवढं सांगतं, आणि एक वाक्य देतं: पुण्य कर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी.

मला त्यातलं ते हात धरणं फार आवडतं. विषय नाजूक आहे, याची केवढी जाण! आणि त्या एका वाक्यात बक्षीस नाही, शिक्षा नाही, पुढच्या जन्मीची धमकीही नाही. जे करशील तसा होशील, एवढंच. फळ कुठून तरी टपालाने येणार असेल तर पत्ता चुकू शकतो, उशीर होऊ शकतो. माणूस तसा होतो म्हटल्यावर उशिराचा प्रश्नच उरत नाही. काम करतानाच मजुरी हातावर पडते.

नात्यांत हे फार स्पष्ट दिसतं, फक्त पाहायचं कुठे ते ठाऊक हवं. सोयीसाठी खोटं बोलणारा माणूस घ्या. 'निघालोच' म्हणून अजून अंघोळीलाही न गेलेला. 'तुझा फोन आलेला दिसलाच नाही' असं सराईतपणे सांगणारा. तो पकडला जाईलच असं नाही. पुष्कळ जण आयुष्यभर पकडले जात नाहीत. पण आपण किती सहज खोटं बोलतो हे त्याला आतून ठाऊक असतं, आणि म्हणून दुसरा 'निघालोच' म्हणाला की त्याला ते खरं वाटत नाही. बायको मैत्रिणीकडे गेली म्हणाली, तर मैत्रिणीकडेच गेली ना? मुलगा अभ्यास झाला म्हणाला, तर खरंच झाला ना? त्याच्याशी सगळे खरं बोलत असतील, पण त्या खऱ्याचा उपयोग त्याला नाही. पाठीमागे सगळ्यांची टिंगल करणाऱ्याचंही तेच. आपण खोलीतून बाहेर पडलो की आत काय सुरू होतं, हे त्याच्याइतकं अचूक कोण ओळखणार? म्हणून तो शेवटपर्यंत बसून राहतो. सर्वांत उशिरा उठणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझ्या मनात त्यामुळे थोडा संशय आहे, पण ते असो.

अशा शिक्षेला वरून कुणी न्यायाधीश लागत नाही. साक्षीदारही लागत नाहीत. बाहेरून तर तो माणूस मजेतच दिसतो, आणि म्हणूनच आपण 'कुठे आहे न्याय?' म्हणून चरफडत राहतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण नात्यातलं कर्म म्हटलं की बहुतेकांना हिशेबच सुचतो. मी तिच्यासाठी इतकं केलं, तिने काय केलं? मी दर वेळी फोन करतो, तो कधी करतो? कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली, तर बहुतेक जोडप्यांत ती शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आपण उपसलेले कष्ट आपल्याला सहज आठवतात; दुसऱ्याने केलेलं काम तर आपण बघितलेलंही नसतं, फक्त ते झालेलं असतं. बादली भरलेली असते, बिल भरलेलं असतं, आजारी माणसाला रात्री औषध दिलेलं असतं. कुणी, हे झोपलेल्याला कसं कळणार?

म्हणजे एकाच घरात दोन वह्या, दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेल्या, आणि दोन्हींत लिहिणाराच सावकार. या वह्यांच्या जोरावर आपण एकमेकांना 'तुझ्या कर्माची फळं भोग' म्हणतो! हिशेब ठेवूच नये, असं मी म्हणणार नाही. ज्याच्यावर सगळं ओझं टाकलंय त्याला 'हिशेब करू नकोस' असा उपदेश करणारा माणूस बहुधा त्या ओझ्यावरच बसलेला असतो. पण आपली वही हीच देवाघरची वही आहे, ही समजूत तेवढी सोडता आली तर बरं.

देवाघरच्या वहीचीही एक तक्रार महाभारतात नोंदलेली आहे. मांडव्य ऋषी मौन धरून तपाला बसले होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला. राजाचे शिपाई आले, मौनामुळे ऋषींनी काही सांगितलं नाही, आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. ते तपोबळाने वाचले, पण सुळाचं टोक शरीरातच राहिलं. पुढे ते सरळ धर्मराजापुढे, म्हणजे कर्मफळ देणाऱ्यापुढेच उभे राहिले. मी केलं तरी काय होतं? उत्तर आलं, लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत काड्या खुपसल्या होत्या, त्याचं हे फळ. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून 'भोग माझे' म्हणाला असता. मांडव्य म्हणाले, एवढ्या लहान अपराधाला एवढी मोठी शिक्षा? आणि न्याय देणाऱ्यालाच शाप दिला, जा, मनुष्यजन्म घे. तोच विदुर. शिवाय नियम घालून दिला, चौदा वर्षांच्या आत केलेल्या कृत्याचं पाप लागणार नाही.

कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरेनेच ही गोष्ट जपून ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. फळ मिळतं एवढं म्हणून भागत नाही. ते अपराधाच्या मापाचं आहे का आणि करणाऱ्याला तेव्हा कळत होतं का, हेही विचारायला हवं. नात्यांत तर हे रोज विचारायला हवं. वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या गडबडीत कुणी कुणाला नीट विचारलं नाही, म्हणून आजही दोन भावांची घरं एकमेकांकडे जात नाहीत. सोळाव्या वर्षी बहीण काहीतरी लागेल असं बोलली. ती आता चाळिशीची आहे, पण तिच्याशी बोलताना आपण त्या सोळा वर्षांच्या मुलीलाच उत्तर देत असतो. किड्याच्या शेपटीतली काडी आणि सूळ. मांडव्यांच्या नियमासारखी काहीतरी मुदत नात्यांतल्या तक्रारींनाही असायला हवी.

कर्माच्या बोलण्यात एक जागा मात्र अशी आहे, जिथे मला हसू येत नाही. एखादी बाई घरात मार खाते आणि तिला सांगितलं जातं, मागच्या जन्मीचं देणं आहे, फेड. पुष्कळदा ती स्वतःच तसं म्हणते. ऐकणाऱ्यांना हायसं वाटतं, कारण देणंच असेल तर मध्ये पडायला नको. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी अमेरिकेत केलेल्या आणि 1966 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रेक्षकांना एका बाईला विजेचे धक्के बसताना दाखवले (धक्के खोटे होते, प्रेक्षकांना ते ठाऊक नव्हतं). तिचे हाल चालूच राहणार आणि आपल्याला काही करता येणार नाही, असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिच्याबद्दल जास्त वाईट मत दिलं. जग न्यायी आहे ही समजूत जपायची तर सोसणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणारच, असं मन ठरवून टाकतं. 'तिचे भोग' म्हणताना आपणही तेच करतो. त्या बाईच्या मागच्या जन्माबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नसतं. या जन्मात तिला कोण मारतंय, ते मात्र ठाऊक असतं.

याचं एक नवं, गोड रूपही निघालंय. 'प्रत्येक माणूस आपल्या आयुष्यात काहीतरी धडा शिकवायला येतो.' ब्रेकअप झालेल्या तरुणांपासून निवृत्त मंडळींपर्यंत सगळे हे पाठवत असतात. ऐकायला बरं वाटतं. पण जरा त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. तो बिचारा त्याचं आयुष्य जगत होता, त्याच्या भीती, त्याच्या खोडी, त्याची कर्जं सांभाळत. तुमचा अभ्यासक्रम व्हायला तो आलेला नव्हता. आणि कर्म जर खरंच सगळ्यांना लागू असेल, तर त्याच्या गोष्टीत आपणही कुणीतरी असणार. त्याच्या आयुष्यात आपण कुठला धडा म्हणून नोंदले गेलो असू, हे मात्र कुणी पाठवत नाही.

कर्म नेमकं घडतं कशाने, या प्रश्नावर परंपरेत बरीच भांडणं आहेत. बुद्ध म्हणतात, चेतना म्हणजेच कर्म, हेतू महत्त्वाचा. जैन विचारात कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे, ते खरोखर जिवाला येऊन चिकटतं, आणि त्याला चिकट करतात क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ हे कषाय, म्हणजे मनाचे विकार. घरच्या भांडणात आपणही दोन मापं वापरतो: स्वतःसाठी हेतू ('मी चांगल्यासाठीच बोललो'), दुसऱ्यासाठी परिणाम ('तू बोललास ते लागलं'). मला ती कषायांची कल्पना अनुभवाला जास्त धरून वाटते. तेच वाक्य, 'आज पुन्हा उशीर झाला?', शांतपणे विचारलं तर निघून जातं. मानापमानाचा कषाय लागला की वर्षभर अंगाला चिकटून राहतं. ऐकणाऱ्याच्या तर राहतंच, बोलणाऱ्याच्याही. आपण कसं बोललो ते आठवलं की त्याचं समर्थन करावं लागतं, आणि समर्थन करण्यासाठी समोरच्याला मनात आणखी थोडं वाईट करावं लागतं.

मग समजा, माणूस बदलला. खरंच बदलला. आवाज चढवणं सोडलं, ऐकून घ्यायला लागला. फळ लगेच मिळायला हवं की नाही? तसं होत नाही. घरचे त्याच्याशी जुन्या माणसासारखंच वागत राहतात. तो शांत बसला की 'आज काय बिनसलंय' म्हणून सगळे दबकून असतात. त्यांचं चुकत नाही. इतकी वर्षं त्यांनी ज्या माणसाला सांभाळलं, त्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. म्हणून नव्या वागण्याचा लाभ बहुतेकदा नव्या माणसांना मिळतो. आयुष्यभर मुलांवर डाफरलेला बाप आजोबा होतो आणि नातवापुढे लोण्यासारखा वितळतो. तासन्‌तास गोष्टी सांगतो, पाणी सांडलं तर 'असू दे रे' म्हणतो. मुलगा दारातून हे बघतो. त्याला आनंद होतो, आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी दुखतंही, कारण पाणी त्याच्या हातूनही सांडलं होतं.

कर्माच्या साध्या हिशेबात हे बसत नाही. देणं एकाचं, फेड दुसऱ्याला. मुलाला त्याच्या वाटणीचं अजूनही देता येईल, वय आड येत नाही. त्याला हाक मारून जवळ बसवायचं आणि 'तुझ्यावर फार ओरडलो रे मी' एवढं म्हणायचं. पण पुष्कळ आजोबांना, गुडघे दुखत असले तरी, त्यापेक्षा नातवासाठी घोडा होणं सोपं जातं.